मौनाचा वारसा

गेल्या पावसाळ्यात भाचीचा फोन आला. तिला पाचवा महिना होता. गर्भसंस्कारांच्या ज्या वर्गाला ती जात होती तिथे एक पत्रक वाटलं होतं. आईच्या मनातलं सारं केवळ बाळातच नव्हे, तर पुढच्या कित्येक पिढ्यांत उतरतं, हे आता विज्ञानाने सिद्ध झालं आहे, असं त्यात लिहिलेलं. पुरावा म्हणून एक ओळ : कृमींवरच्या प्रयोगांत आईची आठवण चार पिढ्या टिकल्याचं दिसलं आहे. भाचीचे पहिले तीन महिने घरातल्या आजारपणामुळे फार ताणाचे गेले होते. तिने विचारलं, "मामा, म्हणजे मी तेव्हा जे रडले, ते माझ्या नातवंडांपर्यंत जाणार का?"

"नाही," मी लगेच म्हणालो.

"मग कृमींचं खोटं आहे?"

"खोटं नाही, पण..." आणि तो 'पण' मला फोनवर धड सांगता आला नाही. पुढचे काही महिने मी या विषयावरचे मूळ शोधनिबंध जमतील तसे क्रमाने वाचत गेलो. सर्वांत जास्त गुंतवून ठेवलं ते निष्कर्षांनी नव्हे, तर नको तिथे आलेल्या उत्तरांनी. या विद्येचा जन्मच तसा झाला आहे.

प्रयोगशाळेतला हा कृमी म्हणजे 'सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स'. लांबी साधारण एक मिलिमीटर, अंग पारदर्शक, वस्ती कुजक्या फळांत आणि पालापाचोळ्यात. सिडनी ब्रेनर यांनी १९६३च्या सुमारास केंब्रिजमध्ये त्याला हाताशी धरलं आणि १९७४ साली त्याच्या आनुवंशिकतेवरचा मोठा निबंध प्रसिद्ध केला. प्रौढ उभयलिंगी कृमीत देहपेशी मोजून ९५९, त्यांतल्या ३०२ चेतापेशी. प्रत्येक पेशी कुठून आली याची वंशावळ लिहून झालेली आहे. एक कृमी स्वतःच्याच शुक्रपेशी वापरून तीनशेच्या आसपास अंडी घालतो आणि साधारण साडेतीन दिवसांत नवी पिढी वयात येते. पिढ्यांचा हिशेब ठेवायचा तर याहून सोयीचा प्राणी शोधून सापडणार नाही.

१९९५ साली कॉर्नेल विद्यापीठात सू ग्वो ही विद्यार्थिनी केनेथ केम्फ्यूज यांच्याकडे 'पार-१' नावाच्या जनुकावर काम करत होती. कृमीच्या गर्भाची पहिली पेशी दुभंगताना दोन्ही भाग सारखे होत नाहीत, आणि ही विषमता राखण्यात या जनुकाचा हात असतो. आपण शोधलेलं जनुक तेच आहे ना, हे पडताळण्यासाठी तिने त्या काळी रूढ असलेली युक्ती वापरली. जनुकाचा निरोप पेशीत आरएनएच्या रूपाने फिरतो. त्या निरोपाला बरोबर उलट जुळणारा आरएनए बाहेरून टोचला, तर तो निरोपाला चिकटून बसतो, निरोप वाचता येत नाही आणि जनुक असून नसल्यासारखं होतं. प्रयोग जमला. गर्भ बिघडले, अगदी 'पार-१' नसताना बिघडतात तसे.

प्रत्येक चांगल्या प्रयोगात एक तुलनेचा गट असतो, ज्यात काहीही घडू नये अशी अपेक्षा असते. इथे तो गट सुलट आरएनए टोचलेल्या कृमींचा होता. सुलट आरएनए म्हणजे निरोपाचीच नक्कल. ती निरोपाला चिकटूच शकत नाही, त्यामुळे काहीच व्हायला नको. पण त्या कृमींचे गर्भही तसेच बिघडले. असा निकाल आला की नमुना दूषित झाला असेल म्हणून तो वहीतच ठेवून देण्याचा मोह कुणालाही होईल. ग्वो आणि केम्फ्यूज यांनी तो निबंधात सरळ लिहिला. कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाक्य तेच आहे, जरी नोबेल पुरस्कार त्यासाठी मिळाला नाही.

असाच एक अवघडलेला निकाल वनस्पतीवाल्यांकडेही पडून होता. १९९०मध्ये कॅलिफोर्नियात रिचर्ड जॉर्गेन्सन आणि सहकाऱ्यांनी पेटुनियाच्या फुलांचा जांभळा रंग गडद करण्यासाठी त्या रंगाचं आणखी एक जनुक झाडात घातलं. काही फुलं पांढरी झाली, काहींवर पांढरे पट्टे आले. घातलेलं जनुक तर गप्प बसलंच, झाडाचं स्वतःचं जनुकही त्याच्याबरोबर मुकं झालं. नेदरलँड्समधल्या एका गटालाही त्याच वर्षी हेच दिसलं होतं. पण फुलांचं कोडं कृमीवाल्यांच्या टेबलावर यायला वेळ लागला.

बाल्टिमोरचे अँड्र्यू फायर आणि मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरचे क्रेग मेलो यांनी ग्वोचा तुलनेचा गट मनावर घेतला. उलट आणि सुलट दोन्ही आरएनए सारखंच काम करत असतील, तर 'चिकटून बसण्याचा' सिद्धांतच डळमळतो. मग दोन्हींत समान असं काय आहे? प्रयोगशाळेत आरएनए बनवणारी विकरं थोडा चुकीचा धागाही तयार करतात, हे फायर यांना माहीत होतं. म्हणजे सुलट म्हणून टोचलेल्या द्रावात उलटाही थोडा असणार, उलट्यात सुलटाही असणार, आणि हे दोन धागे एकमेकांत गुंफून दुपेडी आरएनए होणार. त्यांनी दोन्ही धागे कसून शुद्ध केले आणि वेगवेगळे टोचले, परिणाम जेमतेम. मग तेच एकत्र करून, दुपेडी वळून टोचले. लक्ष्य होतं 'अंक-२२', स्नायूंतल्या एका प्रथिनाचं जनुक. ते निकामी झालं की कृमी एकसारखा थरथरतो. दुपेडी आरएनए मिळालेल्या कृमींची पिल्लं थरथरू लागली.

१९ फेब्रुवारी १९९८च्या 'नेचर'मध्ये हा निबंध आला. त्यातली दोन निरीक्षणं आजही चकित करतात. पहिलं प्रमाणाचं : पेशीमागे दुपेडी आरएनएचे मोजके रेणू पुरत होते. निरोपाच्या प्रती तर त्याहून कितीतरी जास्त असतात, म्हणजे एकास एक चिकटण्याची ही गोष्टच नव्हती; पेशीतली कुठली तरी यंत्रणा जागी होत होती. दुसरं अंतराचं : टोचलं एका जागी आणि परिणाम दुसऱ्या पेशींत, शिवाय पिल्लांतही. त्याच वर्षी फायर यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, की दुपेडी आरएनए बनवणारे जीवाणू नुसते खायला घातले तरी कृमीचं जनुक गप्प होतं. मेलो यांच्याकडे तर कृमी त्या द्रावात भिजवूनही तेच साधलं. खाण्यापिण्यातून जनुक मुकं करता येतं, हे ऐकून जुन्या जीवशास्त्रज्ञांना काय वाटलं असेल!

यंत्रणेचा उलगडा मग झपाट्याने झाला. 'डायसर' नावाचं विकर दुपेडी आरएनएचे बावीस-तेवीस अक्षरांचे तुकडे करतं, 'आर्गोनॉट' कुळातली प्रथिनं एकेक तुकडा हाताशी धरून त्याच्याशी जुळणारा निरोप शोधतात आणि त्याची वाट लावतात. फायर आणि मेलो यांना २००६ साली नोबेल मिळालं, निबंधानंतर अवघ्या आठ वर्षांनी. याच तत्त्वावरचं पहिलं औषध २०१८ साली अमेरिकेत मान्य झालं. कोलेस्टेरॉलसाठी वर्षातून दोनदा घ्यायचं इंजेक्शनही त्याच घराण्यातलं. त्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. मला जायचं आहे पिल्लांकडे.

पिल्लांमध्ये परिणाम दिसणं एक वेळ समजू शकतं. आईच्या अंगातलं काहीतरी अंड्यातून गेलं असेल. पण नातवंडं? पणतवंडं? इथे जीवशास्त्राच्या जुन्या जखमेवर बोट पडत होतं.

ऑगस्ट वाइसमान यांनी १८८०च्या दशकात जर्मनीत असं मांडलं, की शरीर आणि बीज या दोन वेगळ्या वाटा आहेत. बीजपेशींपासून शरीर घडतं. शरीराने आयुष्यात कमावलेलं काही बीजापर्यंत परत जात नाही. त्यांनी पाच पिढ्या उंदरांच्या शेपट्या कापल्या. त्या उंदरांना ९०१ पिल्लं झाली आणि एकही बिनशेपटीचं निघालं नाही. हा प्रयोग पाठ्यपुस्तकांतून लामार्कला खोटं पाडणारा म्हणून सांगतात, ते तितकंसं न्याय्य नाही. लामार्क कापाकापीबद्दल बोलतच नव्हता. जखमासुद्धा वंशात उतरतात असं मानणारे लोक तेव्हा होते, त्यांना ते उत्तर होतं. पण वाइसमान यांची भिंत टिकली, आणि तिला धडका देणाऱ्यांचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. व्हिएन्नाच्या पॉल कामेरर यांच्या बेडकाच्या नमुन्यात शाई टोचल्याचं १९२६ साली उघड झालं आणि त्यांनी स्वतःवर गोळी झाडली. सोव्हिएत रशियात लिसेंकोने कमावलेल्या गुणांच्या वारशाला राजकीय मत करून टाकलं. त्याला विरोध करणारे निकोलाय वाविलोव, ज्यांनी जगभरचं बियाणं गोळा केलं, ते १९४३ साली तुरुंगात उपासमारीने मेले. १९६०च्या दशकात मिशिगनच्या जेम्स मॅक्कॉनेल यांनी शिकवलेल्या चपट्या कृमींचे तुकडे न शिकलेल्या कृमींना खायला घातले आणि शिकवण पोटातून उतरते असं सांगितलं. आठवण आरएनएमध्ये साठते असंही त्यांचं म्हणणं होतं. इतरांना तो प्रयोग नीट जमला नाही, आणि विषय चेष्टेचा होऊन बसला. त्यामुळे 'आरएनए', 'कृमी' आणि 'वारसा' हे तीन शब्द एका वाक्यात आले की एका पिढीचे शास्त्रज्ञ आधी भुवया उंचावत. मला त्यात त्यांचा दोष दिसत नाही.

२००० साली मेलो यांच्या गटाने जे दाखवलं ते या पार्श्वभूमीवर वाचावं. जनुक गप्प करण्याची सुरुवात करायला 'आरडीई-१' आणि 'आरडीई-४' ही जनुकं लागतात. आईकडे ती धड होती, तिला दुपेडी आरएनए टोचला. तिच्या काही पिल्लांत ती जनुकं दोन्ही बाजूंनी निकामी होती, म्हणजे ती पिल्लं स्वतः हे काम सुरू करूच शकत नव्हती. तरी त्यांच्यातही जनुक गप्पच. आईने फक्त टोचलेला माल पुढे ढकलला नव्हता. काम बरंच पुढे नेऊन तयार केलेलं काहीतरी दिलं होतं.

पण तीनशे अंड्यांत वाटलं गेलेलं हे 'काहीतरी' दोन पिढ्यांत विरून जायला हवं. घरातलं सोनं तीनशे मुलांत वाटलं, त्यांनी पुन्हा तीनशे-तीनशेंत वाटलं, तर नव्वद हजार नातवंडांच्या वाट्याला काय येणार? उत्तर असं, की कृमीकडे आरएनएवरून आरएनए बनवणारं विकर आहे. लहान तुकडा निरोपाला भेटला की त्या निरोपाचा साचा करून नव्या तुकड्यांच्या राशी तयार होतात. वाटणी होते, पण प्रत्येक घरात पुन्हा भर पडते. हे विकर कृमीत आहे, वनस्पतींत आहे; माणसासकट पृष्ठवंशी प्राण्यांत या कामासाठी नाही. भाचीच्या पत्रकात नेमकी ही ओळ नव्हती.

२००६ साली हॉलंडमध्ये रोनाल्ड प्लास्टर्क यांच्या गटाने एकदाच दुपेडी आरएनए देऊन, दर पिढीत गप्प राहिलेले कृमी निवडत निवडत ऐंशी पिढ्या हे मौन टिकवलं. कृमीचे हे नऊ-दहा महिने. माणसाच्या पिढ्यांनी मोजलं तर आपण सातवाहनांच्या काळात पोहोचतो. २०१२ साली स्कॉट केनेडी यांच्या गटाला बीजपेशींच्या केंद्रकात राहणारं 'एचआरडीई-१' हे आर्गोनॉट सापडलं. ते नसेल तर वारसा तुटतो. इतकंच नव्हे, उबदार तापमानात वाढवलेला असा वंश काही पिढ्यांत वांझ होत जातो. म्हणजे हा वारसा प्रयोगशाळेत घडवलेला चमत्कार नाही. बीज निरोगी ठेवण्यासाठी कृमी तो रोजच वापरतो आहे, बहुधा परक्या जनुकांना आणि उड्या मारणाऱ्या डीएनएला गप्प ठेवण्यासाठी.

राहता राहिली वाइसमान यांची भिंत. हार्वर्डच्या क्रेग हंटर यांच्या प्रयोगशाळेने २००२ साली 'सिड-१' हे प्रथिन शोधलं. ते म्हणजे पेशीच्या आवरणातला दुपेडी आरएनएसाठीचा दरवाजा. हंटर यांच्याकडे शिकून मेरीलँड विद्यापीठात गेलेले अँटनी जोस यांनी २०१५ साली दाखवलं, की चेतापेशींत बनवलेला दुपेडी आरएनए त्या दारातून बीजपेशींत शिरतो आणि तिथलं जुळणारं जनुक गप्प करतो. एकदा गप्प झालं की चेतापेशींकडून काही न येताही ते पंचवीसहून अधिक पिढ्या तसंच राहतं. चेतापेशीतून बीजाकडे! मी हा निबंध दोनदा वाचला. भिंतीत दार आहे. मात्र एक गोष्ट विसरू नये : दुपेडी आरएनए तिथे माणसाने मुद्दाम बनवायला लावला होता. दार आहे, याचा अर्थ कृमीचा अनुभव त्यातून जातो असा लगेच होत नाही.

जोस यांच्या गटाचं २०२१ सालचं काम मला याहून विलक्षण वाटतं. त्यांनी कृमीत घातलेलं एक चमकणारं जनुक आईकडून आलं तर पिल्लांत चमकत राही. तेच फक्त बापाकडून आलं, आईकडे त्याची प्रत नसली, तर गप्प होई, आणि मग तीनशेहून अधिक पिढ्या गप्प. जनुकाचं एक अक्षरही बदललेलं नाही. आईच्या अंड्यातून त्या जनुकाचा निरोप आला तर ते 'आपलं' ठरतं, नाही आला तर 'परकं'. पण हेही तितकंच महत्त्वाचं, की बहुतेक जनुकं अशी कायमची गप्प होत नाहीत. दुपेडी आरएनए दिला तरी काही पिढ्यांत पुन्हा बोलू लागतात. तेल अवीवच्या ओडेड रेखावी यांच्या गटाने तर या विसरण्यालाही यंत्रणा असल्याचं दाखवलं. 'मेट-२' हे प्रथिन नसलेल्या कृमींत मौन ओसरतच नाही. म्हणजे निरोगी कृमी वारसा सांभाळतो तसाच तो पुसूनही टाकतो.

आता पत्रकातली चार पिढ्यांची आठवण. २०१९ साली प्रिन्स्टनच्या कोलीन मर्फी यांच्या गटाने प्रसिद्ध केलं, की एका घातक जीवाणूवर दिवसभर ठेवलेले कृमी त्याला टाळायला शिकतात आणि त्यांची चार पिढ्यांपर्यंतची संततीही, त्या जीवाणूची गाठ पडलेली नसताना, त्याला टाळते. पाचव्या पिढीत आठवण नाहीशी. पुढच्या वर्षी त्यांनी जीवाणूतला एक लहान आरएनए आणि कृमीतलं त्याला जुळणारं जनुकही दाखवलं. चित्र पूर्ण झाल्यासारखं वाटलं. मग हंटर यांच्या प्रयोगशाळेने, म्हणजे दरवाजा शोधणाऱ्यांनीच, तो प्रयोग करून पाहिला. शिकलेले कृमी जीवाणू टाळत, पुष्कळदा त्यांची पिल्लंही टाळत; नातवंडांपाशी मात्र परिणाम भरवशाने दिसेना. मर्फी यांचं म्हणणं, हंटर यांनी पद्धतीत बदल केले. इलिनॉयमधल्या एका तिसऱ्या प्रयोगशाळेने मर्फी यांची पद्धत वापरून नातवंडांपर्यंतचा परिणाम दिसल्याचं कळवलं. जीवाणू किती तापमानाला वाढवले, निवड केलेला कृमी जागीच थांबावा म्हणून कोणतं रसायन वापरलं, अशा तपशिलांवर वाद अडला आहे. बाहेरच्याला हे क्षुल्लक वाटेल, पण ग्वोच्या प्रयोगातही सगळं एका 'क्षुल्लक' अशुद्धीतच दडलेलं होतं. मी यात बाजू घेत नाही. इतकंच म्हणतो, की जी गोष्ट दोन उत्तम प्रयोगशाळांत सारखी दिसत नाही, तिच्याआधी 'सिद्ध' हा शब्द लावण्याचा हक्क पत्रक छापणाऱ्याला नाही.

आणि माणूस? माणसाच्या बाबतीत नेहमी दाखला देतात तो १९४४-४५च्या हिवाळ्यातल्या हॉलंडमधल्या उपासमारीचा. त्या काळात पोटात असलेल्या मुलांच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणांत साठ वर्षांनीही थोडा फरक आढळला, हे खरं आहे. पण ती मुलं त्या उपासमारीत स्वतः होती. गरोदर बाईच्या पोटात मुलगी असेल, तर त्या मुलीची अंडबीजंही तेव्हाच घडत असतात. म्हणजे एका शरीरात तीन पिढ्या एकाच वेळी उपाशी असतात. खरा वारसा म्हणायचा तर तो पतवंडात दिसला पाहिजे, आणि माणसाच्या बाबतीत तिथवरचा निर्णायक पुरावा नाही. सुभद्रेच्या पोटात अभिमन्यूने चक्रव्यूह ऐकला, तो त्याने स्वतः ऐकला. ती गोष्ट परिक्षिताला जन्मतः ठाऊक होती, असं व्यासही म्हणत नाहीत. शिवाय सस्तन प्राण्यांत बीजपेशी घडताना आणि नंतर गर्भाच्या सुरुवातीला अशा बऱ्याचशा खुणा पुसल्या जातात. नकला वाढवत नेणारं ते विकर नाही, ते वर सांगितलंच.

दसऱ्याच्या सुमारास भाचीकडे गेलो, तेव्हा बरोबर पेटुनियाच्या त्या पट्टेरी फुलांचं चित्र आणि चार कागद नेले होते. तीनशे अंड्यांच्या वाटणीचा हिशेब तिला कागदावर मांडून दाखवला. कृमीकडे कोणतं विकर आहे आणि आपल्याकडे कोणतं नाही, ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हे त्या वर्गात कुणी सांगत का नाही?" मी म्हटलं, मी लिहितो. ती म्हणाली, लिही, पण ते विकराचं आधी लिही. ते मी शेवटी मधेच घातलं आहे. त्याआधी ग्वोच्या तुलनेच्या गटाची हकिकत सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही.